आत्या आली, मीठ उचला

कौसा आत्या आमच्या घरी आल्याचा आनंद कुणाला झाला, असं मला आठवत नाही. कामरगावच्या थांब्यावर ती जीपमधून उतरली की घरापर्यंत तिच्या आधी तिचा आवाज पोचायचा. भाड्यावरून, जागेवरून, कुणाच्या कोंबड्या पायाशी ठेवल्या त्यावरून, वाटेत कुणाशी तरी तिचं वाजलेलंच असायचं. आई चुलीपुढून म्हणायची, "आली वो बाई. मीठ उचला." आणि शालिक काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पायात चपला सरकवून मागच्या दारानं शेताकडे निघायचे.

आल्यावर पाणीसुद्धा न घेता ती सरळ आत जायची. भांड्यांवरची झाकणं उचलायची, भाजीत बोट बुडवून जिभेला लावायची आणि मोरीत थुंकायची. "हे जेवन हाय का खारवन?" मग लोणच्याची बरणी, पापडाचा डबा, सुकटाची पुडी असं एकेक फळीवरून काढून जमिनीवर मांडायची. पोलिसांनी जप्तीचा माल मांडावा तसं. आईला याचा इतका संताप यायचा की ती बाहेर जाऊन गोठ्यातल्या शेळीवर ओरडायची.

आत्या वाशिमजवळच्या मालेगावला पिठाची गिरणी चालवायची. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला, मूलबाळ नव्हतं. दिराला गिरणी हवी होती, त्याला तिनं कशी दाद दिली नाही याच्या गोष्टी मालेगावात सांगतात. भुवयांवर कायम पीठ असायचं, त्यामुळे ती तिशीतही म्हातारी दिसायची. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलं म्हणून तिला हळू बोलता येत नाही, असं लोक म्हणत. मला ते पटत नाही. गिरणी बंद असतानाही ती तशीच बोलायची. हळू बोलणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी आहे असंच तिला वाटायचं. ओलसर ज्वारी आणणाऱ्या बाईला ती डब्यासकट रस्त्यावर काढायची. तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं, कारण तिच्यासारखं बारीक पीठ गावात दुसरीकडे मिळत नव्हतं.

चाळिशीच्या आतच तिची पाठ दुखायला लागली. पोती उचलून दुखते, असं आधी वाटलं. मग कुणी म्हणालं मुतखडा आहे. गिरणीवर येणारा प्रत्येक माणूस दळणाबरोबर एक औषध सांगून जायचा. तिनं पानफुटीचा रस प्यायला, कुळथाचं पाणी प्यायलं. एक दिवस लघवीत रक्त दिसलं तेव्हा गिरणीला कुलूप लावून ती एकटीच अकोल्याला गेली. तिथं सोनोग्राफीत दिसलं की दोन्ही किडन्या पाण्याच्या गाठींनी भरल्या आहेत. "द्राक्षाचे घड लटकावेत ना, तसं," ती सांगायची. डॉक्टरांनी विचारलं, वडील कशानं गेले? आत्या म्हणाली, करणीनं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तिला समोर बसवून सगळं सांगितलं.

तिथून ती मालेगावला गेलीच नाही. फिल्मचा लिफाफा घेऊन थेट कामरगावला आली. सोयाबीन काढून झालं होतं, सगळे अंगणात जेवायला बसले होते. मी बारावीत होते. शालिक काकांची सुषमा माझ्याहून थोडी मोठी, तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. आत्यानं चप्पल काढली नाही, बसलीही नाही.

"बाबाले करनी नोती," ती म्हणाली. "हाच रोग होता. पोट फुगलं थे गाठीनं फुगलं. मह्यात हाय. तुमा दोघायच्यातही असू शकते. बापाचा रोग हाय, एकेका लेकराले रुपयात आठ आने. तुमच्यात असन तं तुमच्या लेकरायलेही आठ आने. सोनोग्राफी करा, बीपी मोजा."

शालिक काकांनी घास खाली ठेवला. "झालं? का आता गावात दवंडीही देतं? घरात लगनाची पोरगी हाय, कौसे."

"पोरगी हाय म्हनूनच सांगून राह्यली."

"मले काही झालं नाई. दोन पोते एकटा उचलतो मी."

"बाबाही उचले," आत्या म्हणाली.

माझे वडील, मधुकर त्यांचं नाव, भांडणात कधी पडत नसत. भाकरीचा तुकडा हातात धरून ते फक्त त्या लिफाफ्याकडे पाहत होते.

तेवढ्यावर ती थांबली असती तरी घरात निभावलं असतं. पण तशीच ती शेजारी अंजनाबाईच्या दारात गेली. आजोबा आजारी पडण्याच्या आधी अंजनाबाईच्या घरी रोडग्याचं, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण जेवून आले होते, आणि तिनंच काहीतरी खाऊ घातलं असं आमच्या घरानं ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून तिच्या घरचं पाणी आम्ही घेत नव्हतो. विहारात वंदनेलासुद्धा दोन्ही घरं दोन टोकांना बसायची. करणी-बिरणी आपण मानत नाही, हे तिथं सगळेच मान डोलावून ऐकायचे आणि घरी येऊन अंजनाबाईच्या दाराकडे पाठ करायचे.

"अंजना काकी, भाईर ये," आत्या ओरडली. आमच्या अंगणात प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "तुह्या रोडग्यानं काही झालं नोतं. आमच्या रक्तातच रोग होता. एवढे वर्षं आमी तुह्यं नाव घेतलं, थे खोटं होतं."

म्हातारी दाराची चौकट धरून उभी राहिली. "मंग? नाचू का आता?"

"नाचू नको. आयकून घे."

"आयकलं. मह्यी पोरगी लगन होईलोक तुमच्या दारावरून मान खाली घालून गेली. तुह्या बापाच्या रोगाचं नाव सापडलं तं मह्यं गेलेलं वापस येते का?"

"नाई येत," आत्या म्हणाली आणि परत आली. तोवर अख्खी गल्ली जमली होती. त्या दिवशी शालिक काकांनी तिचा लिफाफा अंगणाबाहेर भिरकावला. तिनं तो उचलला, फिल्मवरची माती पदरानं पुसली आणि जीप पकडली.

त्यानंतर तिचं पथ्य सुरू झालं, आमच्या फळीवरच्या बरण्या-डब्यांची जप्तीही तेव्हापासूनचीच, आणि नातेवाइकांत तिची उरलीसुरली इज्जत गेली. लग्नाकार्यात ती स्वतःचा डबा घेऊन जायची. बिनमिठाची भाकरी, चिमूटभर मीठ घातलेलं वरण, लिंबू. यजमानाला अपमान वाटे, तिला पर्वा नसे. कारंज्याला एका लग्नात वाढप्यानं तिचं न ऐकता कोऱ्या भातावर मंडपातलं वरण ओतलं. आत्यानं ताट सरळ त्याच्या पायांवर उलटं केलं. नवरदेवाचा मामा समजूत घालायला आला. तो सुटाबुटातला माणूस म्हणाला, "ताई, सेंधं मीठ खात जा, ते चालतं. ते औषधी असतं."

"सेंधं असो का समुद्राचं, मीठच हाय थे," आत्या म्हणाली. "बाबू, तुह्यी बीपी किती हाय?"

"मी... मोजली नाही."

"मंग अगोदर मोज, अन मंग मले अक्कल देजो."

कुठंही गेली की पहिला प्रश्न, तोही चारचौघांत, "मुताले जागा कोठी हाय?" डॉक्टरांनी तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. दोन मोठ्या बाटल्या पिशवीत असायच्या. बायका तोंडाला पदर लावायच्या. तिनं एका नातलगाच्या वास्तुपूजनात घरमालकाला ऐकवलं होतं, "एवढा मोठा बंगला बांधला, बायायले मुताले आडोसा नाई ठेवला." त्या घरातलं आमचं जाणं-येणंही मग बंद झालं. आई म्हणायची, हिच्या किडन्या राहिल्या बाजूला, आमचे सोयरे मात्र एकेक करून सुटत चालले.

मग सुषमाचं लग्न ठरलं. मुलगा वाशिमकडचा, सरकारी नोकरीत. घरात बऱ्याच वर्षांनी असं हसतं वातावरण होतं. साड्यांच्या खरेदीला सुषमा आणि मी मालेगावला गेलो, आणि सुषमाच म्हणाली, आत्याला भेटून येऊ. गिरणी चालू होती. आत्यानं तिला पट्ट्याजवळ बोलावलं आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी बराच वेळ सांगितलं. दळणाला आलेल्या बायांना काही ऐकू गेलं नाही, मलाही नाही. सुषमा बाहेर आली तेव्हा तिच्या केसांवर पीठ होतं आणि चेहरा उतरला होता.

जीपमध्ये ती मला म्हणाली, "म्हणते, तुले सांगनं मह्यं काम. त्याईले सांगाचं का नाई, थे तू ठरव."

सुषमानं मुलाला फोन करून सांगितलं. मुलगा बापाला घेऊन आला, चहा प्याला, आजोबांविषयी विचारून गेला. आठवड्याच्या आत नकाराचा निरोप आला.

शालिक काका मालेगावला गेले. तिथं काय झालं ते गावातल्या दोघातिघांनी वेगवेगळं सांगितलं, पण शेवट सगळ्यांचा सारखाच होता. काकांनी दळून ठेवलेले डबे लाथेनं उडवले, गिरणीचा पट्टा काढून रस्त्यावर फेकला आणि म्हणाले, "आजपासून तू आमाले मेली."

आत्या पट्टा उचलत म्हणाली, "मेलेल्याचं तरी आयक. बीपी मोज."

सुषमानं मात्र एक केलं. बापाला न सांगता जाऊन सोनोग्राफी करून आली. काही निघालं नाही. तिशीनंतर पुन्हा एकदा पाहा, असं डॉक्टर म्हणाले, पण ते शालिक काकांनी कुणाला सांगितलं नाही. तो कागद घेऊन ते गावभर फिरले. "पाहा. निरोगी पोरगी हाय. बहिणीनं मह्या घरावर डाव साधला." लोकांनाही ते पटलं. मला स्वतःलाही पटलं. पुढं सुषमाचं कारंज्यात चांगलं झालं, पण आत्याला त्या लग्नाला बोलावणं गेलं नाही. सुषमा मला एकदा म्हणाली, "आत्या खरं सांगते, पण धोंडा मारल्यासारखं सांगते. मले खरं समजलं, अन धोंडाही लागला. दोन्ही खरं हाय."

आत्या कामरगावला यायची बंद झाली. घरात शांतता आली. एक बदल मात्र हळूहळू माझ्या लक्षात आला. वडिलांनी लोणचं सोडलं. आईनं विचारलं तर म्हणाले, जिभेला फोड आलाय. तो फोड पुढची कितीतरी वर्षं बरा झाला नाही. पापड समोर आला की तो ते शेजारच्या ताटात सरकवायचे. महिन्यातून एकदा कारंज्याला जाऊन यायचे, कशाला ते सांगायचे नाहीत. माझं लग्न झालं, मी कारंज्याला शाळेत नोकरीला लागले, तेव्हा कुठे कळलं की तिथल्या एका डॉक्टरकडे ते बीपी दाखवायला येतात. मी विचारलं तर "वय झालं" म्हणाले.

शालिक काकांची पाठ दुखत होती. ते औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायचे आणि कामाच्या दिवसांत शेंगदाण्यासारख्या खायचे. बाजारात राहुटी टाकून बसणाऱ्या एकाकडून मुतखड्याची भुकटी आणली होती, ती वेगळी. बीपी त्यांनी एकदाच मोजली, जास्त निघाली, तर यंत्र बिघडलेलं आहे म्हणून उठून आले. पाय सुजले, अन्नाची वांती व्हायला लागली, तेव्हा सुषमानं त्यांना अकोल्याला नेलं. तिथं लगेच डायलिसिसवर घेतलं. गाठी तुमच्या वडिलांकडून आल्या, डॉक्टर म्हणाले, पण एवढी घाई या गोळ्यांनी आणि बीपीनं केली.

बातमी मालेगावला पोचली. एवढ्या वर्षांनी कौसा आत्या पुन्हा कामरगावच्या थांब्यावर उतरली. मी तेव्हा काकांना पाहायला आले होते. काका खाटेवर होते. पार्वती काकू, त्यांची बायको, शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतत होती. ताकद येते म्हणून गल्लीनं सांगितलं होतं. उशाशी केळी होती, मोसंबी होती.

आत्यानं दारातूनच पाहिलं आणि पेला काकूच्या हातातून उडवला.

"मारून टाकतं का त्याले?"

"अवं, नारळपानी हाय!" काकू रडायलाच लागली.

"नारळपानीच मारते. किडनी बंद पडली का फळातला खार रक्तात साचते, अन छाती बंद पडते. सांगतलं नाई तुमाले तथी?"

सांगितलं होतं. कागदही दिला होता. तो सुषमाच्या पर्समध्ये होता आणि काकूला कुणी वाचून दाखवला नव्हता.

काका उठून बसले. धाप लागली होती. "कोनी बोलावलं हिले? भाईर काढा."

कुणी काढलं नाही. आत्यानं चुलीचा ताबा घेतला. बटाटे, भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, मग नव्या पाण्यात शिजवायच्या, हे ती काकूला हाताला धरून, मनगटावर चापट्या मारत शिकवत होती. काकूनं डाळ-अंडं सगळं बंद केलं होतं, किडनीला जड जातं म्हणून. तर आत्यानं अंडी उकडली, पिवळा बलक काढला आणि पांढरं काकांच्या ताटात टाकलं. "मशीन रक्तातलं सारं काढून नेते. आता याले ताकद पायजे. मशीनच्या अगोदरचं पथ्य अलग, मशीनवरचं अलग."

काकांनी पाणी मागितलं. आत्यानं लहान पेला भरून दिला आणि तांब्या उचलून बाहेर नेला.

"तू बाटल्या बाटल्या पितं," काका ओरडले, "अन मले एक घोट? भावावर सूड काढतं का?"

"मह्या किडन्या अजून चालतात. मह्यं पेलेलं पानी भाईर जाते. तुह्यं कोठी जाईन? फुफ्फुसात. मह्यं पथ्य तुले लागू नाई. तुह्यं तुले, मह्यं मले."

"बेचव हाय हे," काका ताटाकडे पाहत म्हणाले.

"असू दे. खाय."

ते खायचे. ती दर पंधरवड्याला यायची आणि ते दर वेळी तिला घरातून जा म्हणायचे. वर्षभर असं चाललं. या वर्षभरात त्यांचं भांडण मिटलं, असं मी पाहिलं नाही. एकदाच काका तिला म्हणाले, "सुषमाचं लगन तूच मोडलं," आणि ती बटाट्याचं पाणी फेकत म्हणाली, "हो. मीच मोडलं."

काका गेले त्या दिवशी आत्या आली, अंगणात मयत पाहून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "बीपीची एक गोळी रोज खाल्ली असती, तं अजून दहा वर्षं भांडला असता मह्यासंग." सुषमानं आणि भावकीतल्या एकानं दंड धरून तिला गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. मागून कुणीतरी शिवी दिली. तिनंही दिली.

तेराव्याऐवजी आमच्याकडे जलदानाचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी वडिलांनी मला आणि आईला आत बोलावलं. "मलेही हाय," ते म्हणाले. "कौसीनं सांगतलं त्याच वर्षी पाह्यलं होतं. गोळ्या सुरू हायेत. किडन्या अजून बऱ्या हायेत." आणि मग माझ्याकडे न पाहता, "तू आता पाहून घे."

मी पस्तिशी ओलांडली होती. माझी मुलगी दुसरीत होती. अकोल्याची तारीख घेतली आणि एकटीच गेले. नवऱ्याला शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं. सोनोग्राफीच्या ठिकाणी बाकावर कौसा आत्या बसलेली होती. वडिलांनी कळवलं असणार. खिडकीतल्या मुलीशी तिचं आधीच जुंपलं होतं, पाणी प्यायची जागा कुठं आहे यावरून.

माझं नाव पुकारलं. आत पोटावरचं थंड जेल, मग डॉक्टरांचं तो पडदा माझ्याकडे वळवणं. गाठी होत्या. लहान होत्या, पण दोन्ही बाजूंना होत्या.

बाहेर आल्यावर मी लिफाफा आत्याच्या हातात दिला. तिनं उघडला नाही. माझ्या तोंडाकडेच पाहत होती.

"तुह्या आजोबाले कोनी सांगतलं नोतं," ती म्हणाली. "शालिकले सांगतलं तं त्यानं आयकलं नाई. तू आयकजो. मीठ आजपासून अर्धं कर. बीपी मोज. पोरीची घाई नको करू, पन तिची बीपी पाहत जाय."

मला तिच्या तोंडातून माझ्या मुलीचं नावही नको होतं. ते आठ आणे, ते बटाट्याचं पाणी, तो आवाज. सगळा आजार हिनंच पिशवीत घालून आमच्या घरी आणला, असं वाटत होतं. "आत्या," मी म्हणाले, "तू जा. मला तुझं तोंड पाहायचं नाही."

तेव्हा मला माहीत नव्हतं की तिला स्वतःला आता फार दिवस उरलेले नाहीत. काही महिन्यांनी गिरणीतच डोक्यातली शीर फुटून ती गेली. या आजारात एखाद्याला असंही होऊ शकतं, हे तिला अकोल्याच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरांकडून मला ते नंतर कळलं. आम्हा सगळ्यांना ओरडून ओरडून सगळं सांगणाऱ्या बाईनं तेवढी एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

जा म्हटल्यावर ती गेली. सांगितल्याबरोबर ती कुठून गेली, अशी माझ्या माहितीतली ही एकच वेळ. मी थोड्या अंतरानं बसस्थानकावर पोचले तेव्हा मालेगावची गाडी लागलेली होती. पिशवी काखेत दाबून, कोपरानं माणसं बाजूला करत ती चढली. खिडकीच्या जागेवर एक धिप्पाड माणूस रुमाल टाकून बसला होता. तिनं रुमाल उचलून त्याच्या मांडीवर फेकला. तो काहीतरी बोलला, तीही बोलली, आजूबाजूचे चार जण माना वळवून पाहायला लागले. गाडी सुरू झाली. ती फाटकातून बाहेर पडत असताना मला दिसलं, तो माणूस उभा होता आणि खिडकीशी आत्या बसली होती, बोट उगारून त्याला अजूनही काहीतरी बजावत.